रात्री दहानंतर काही खाऊ नये

क्रेनबाईला दुपारी बाराला जेवायला उठवणाऱ्याची धडगत नसे. मग तो नवरा असो, नणंद असो, नाहीतर दारात आलेला पाहुणा. दुपारचे बारा म्हणजे तिची ऐन मध्यरात्र. तुम्हाला कुणी रात्री बाराला गदागदा हलवलं आणि म्हणालं, "उठा, गरम भात वाढलाय," तर तुम्ही काय कराल? ती तेच करायची, फक्त जरा वरच्या पट्टीत.

बावीस वर्षं ती पत्र्याच्या कारखान्यात रात्रपाळीला क्रेन चालवत होती. शेडच्या छताखाली, जमिनीपासून चाळीस फुटांवर तिची काचेची केबिन. चढायला उभी लोखंडी शिडी. रात्री दहाला वर गेलं की सकाळी सातला खाली, मधे अडीचला अर्ध्या तासाची सुट्टी, बस. हुकाला बारा-बारा टनांच्या कॉइली, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या, आणि त्यांच्या आसपास वावरणारी माणसं, जी वर कधी बघत नाहीत. वर बघायचं नाही, आणि काही बिनसलं की वरच्यावर खापर फोडायचं. माणसांबद्दलचं क्रेनबाईचं मत हे असं चाळीस फुटांवरून बनलेलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

पहिल्या वर्षी तिनं खाण्याच्या सगळ्या चुका करून घेतल्या. अडीचला कॅन्टीनमध्ये जे मिळेल ते हाणायचं. आणि मिळायचं काय? संध्याकाळचं उरलेलं, परत तेलात सोडलेलं, वर साखरेचा पाक म्हणावा असा चहा. चारला डोळ्यांवर अशी झापड यायची की खालच्या माणसाचे हात तीन दिसायचे. झापड उडवायला परत चहा. चहा झाला की शिडी उतरून मोरीकडे पळायचं, कारण वर केबिनमध्ये तसली सोय कुठली! एका रात्रीत चारदा उतरली तेव्हा फोरमननं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, क्रेन चालवायला येता की शिडी मोजायला?" सकाळी घरी गेल्यावर पोटात आग पडायची आणि झोप यायची नाही. सहा महिन्यांत अंगावरचे कपडे आवळायला लागले, आणि शिंपी नवऱ्यानं काही न बोलता शिवणी उसवून दिल्या. तो काही बोलला नाही याचाच तिला जास्त राग आला.

मग तिनं स्वतःचा कायदा केला. रात्री साडेआठला घरी नीट जेवायचं: भात, डाळ, भाजी, पोट भरेल एवढं, पण तट्ट नाही. अडीचला खाली उतरून दोन उकडलेली अंडी, मूठभर भात, काकडी, आणि पाणी काय प्यायचं ते तेव्हाच. त्यानंतर चहाचं नाव नाही. तीननंतर दाताखाली काही घालायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी. सकाळी सव्वाआठला वाटीभर दूध-पाव, की पडद्याला चिमटे लावून झोप. दुपारी चारला उठायचं, ती तिची सकाळ. हा कायदा तिनं कुठल्या पुस्तकातून आणला नव्हता. स्वतःच्या पोटावर प्रयोग करून, शिव्या खाऊन, एकदा शिडीवरून पाय घसरून तो जमवला होता. म्हणून त्यात कुणी बोट घातलं की तिचं डोकं सटकायचं.

आणि घरात बोट घालायला नवऱ्याची थोरली बहीण होतीच. वन्संच्या मते जगात जेवायच्या वेळा दोन, आणि त्या देवानं नेमून दिलेल्या. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. दुपारी बाराला त्या दारावर थापा मारायच्या.

"अगं ए, उठ. चार घास खा आणि मग लोळ. माणसानं माणसाच्या वेळेला जेवावं!"

"तुम्ही येता का रात्री अडीचला माझ्याबरोबर जेवायला?" आतून आवाज यायचा. "नाही ना? मग मी तुमच्या वेळेला का जेवू? दाराला हात लावाल तर बघा!"

"बघ रे तुझ्या बायकोची जीभ," असं वन्सं भावाला सांगायच्या. भाऊ शिवणयंत्राचं पायडल जोरात मारायला लागायचा. त्या आवाजात म्हणे त्याला काही ऐकू यायचं नाही.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. घोडं पेंड खात होतं ते वर्षाच्या तपासणीत.

क्रेनवर आणि भट्टीवर काम करणाऱ्यांची कारखान्याच्या दवाखान्यात दर वर्षी रक्ताची तपासणी व्हायची. साखर ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की त्या जागेवरून खाली, सरळ. चक्कर आली, माणूस पडला, तर जबाबदार कोण, म्हणून. नियम वाईट नव्हता. चिठ्ठी वाईट होती. चिठ्ठीवर छापलेलं असायचं: तपासणी सकाळी सव्वासातला, उपाशीपोटी, आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ नये. ज्यानं कुणी ती चिठ्ठी छापली तो दहाला पांघरूण ओढून घोरणारा माणूस. त्याच्या डोक्यातच आलं नाही की रात्री दहाला काही लोकांचा दिवस उगवतो. रात्रपाळीवाला अडीचला जेवणार, सव्वासातला रक्त देणार. पोटातलं जिरलंय कुठे अजून? आकडा चढणार नाही तर काय होणार!

क्रेनबाईनं हे फार आधी ओळखलं होतं. तिचा उपाय सोपा होता. तपासणीच्या आदल्या रात्री रजा टाकायची. घरी साडेआठला जेवायचं, रात्रभर छताकडे बघत पडायचं, पोटात कावळे ओरडले तरी उठायचं नाही, आणि सकाळी जाऊन दंड पुढे करायचा. दर वर्षी आकडा जागच्या जागी. केबिन शाबूत. आणि केबिन शाबूत राहायला हवीच होती. खाली उतरलं की तिच्या वयाच्या बाईला एकच काम: पत्र्याच्या कडांना कागद चिकटवणं, ओणवं होऊन, ज्यांच्या डोक्यावरून बावीस वर्षं लोखंड नेलं त्यांच्या पायापाशी. वर ती कुणीतरी होती. खाली तिला कुत्रं विचारणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही युक्ती तिनं कुणाला सांगितली नाही. का सांगावी? पाळीत एका रात्री एकालाच रजा मिळायची.

आता भट्टीवाल्याचं सांगायला हवं. भट्टीवाला तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, अंगानं दांडगा, जस्ताच्या भट्टीपाशी रात्रभर उभा. त्या धगीत माणसाला भूक लागते ती आपल्यासारखी नाही. अडीचला दोघं एकाच बाकावर बसून जेवायचे. तो तिला ताई म्हणायचा. ती त्याला खादाड म्हणायची, आणि एखादं अंडं त्याच्या डब्यात टाकायची. दोन वर्षांपूर्वी दोघांना एकाच तारखेची चिठ्ठी आली. क्रेनबाईनं त्याच दिवशी फोरमनला गाठलं आणि वन्सं आजारी आहेत म्हणून रजा घेऊन टाकली. वन्सं तेव्हा घरी लोणी कढवत होत्या, ठणठणीत. भट्टीवाल्यानं विचारलं, "ताई, चिठ्ठीत लिहिलंय दहानंतर खायचं नाही. मग अडीचला काय करू?" ही म्हणाली, "एक रात्र तोंडाला कुलूप लाव. मरत नाहीस." रजेचं बोलली नाही.

त्यानं कुलूप लावलं नाही. भट्टीपुढे रिकाम्या पोटी उभं राहणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. तो अडीचला जेवला, सव्वासातला रक्त दिलं, आकडा वर. आठवड्यानं परत बोलावलं, परत रात्रपाळी करूनच गेला, परत वर. त्याला भट्टीवरून काढून दिवसपाळीला फाटकावर बसवलं, आत-बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासायला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पाच-सहा महिन्यांनी त्याची वेळ बदलून दुपारी दोन ते रात्री दहा झाली, तेव्हापासून क्रेनबाईची आणि त्याची रोज गाठ पडायची.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण बाईच्या जिभेला हाड नव्हतं. भट्टीवाल्याला हलवलं त्या रात्री कॅन्टीनमध्ये सगळे हळहळत होते, तर ही म्हणाली, "इतकं चरल्यावर दुसरं काय होणार! सांगून सांगून दमले मी." लोक हसले. तो दारात उभा होता, हिशेबाचा कागद घ्यायला आलेला. ते त्यानं ऐकलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. गंमत बघा, राग यायचा त्याला, तर आला हिला. फाटकातून जाताना ती त्याच्याकडे असं बघायची जणू त्यानंच हिचं काही लुबाडलंय. मनात कुठेतरी कुरतडत होतं, आणि ते कुरतडणं बंद करायला तिला एकच रस्ता माहीत होता: समोरच्यावर डाफरणं.

यंदा चिठ्ठी आली आणि चिठ्ठीबरोबर एक नवा हुकूम. तपासणीच्या आदल्या रात्री रात्रपाळीतल्या कुणालाही रजा मिळणार नाही. वरच्या कुणाला तरी दिसलं होतं की त्या रात्री नेमक्या रजा पडतात. क्रेनबाईनं हुकूम दोनदा वाचला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. खाल्लं तर केबिन जाते. न खाता चालवली तर बारा टन लोखंड उपाशी बाईच्या हातात.

ती दुपारी झोप मोडून दवाखान्यात गेली. तिथं नवा डॉक्टर, पोरसवदा, इस्त्रीचा सदरा, टेबलावर सफरचंद.

"डॉक्टर, माझं रक्त दुपारी चारला घ्या," ती म्हणाली. "मी सव्वाआठला खाते आणि झोपते. चारला उठते. जवळजवळ आठ तासांचा उपास होतो. तुमची दुपार ती माझी सकाळ."

"दवाखाना एकला बंद होतो, बाई."

"मग एक दिवस उघडा ठेवा."

"असं एकासाठी नाही करता येत. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा?" ती टेबलावर वाकली. "तुम्ही रात्री अडीचला काय करता हो?"

"झोपतो."

"मी बारा टन उचलते. आणि तुम्ही मला सांगता सारखा!"

डॉक्टरनं समजावणीच्या सुरात चालवलं की जेवणाच्या वेळा नियमित ठेवाव्यात, रात्री हलकं खावं, गोड टाळावं, फळं घ्यावीत. क्रेनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं ज्या बाईनं घड्याळ लावून अंडं खाल्लं तिला हा कालचा पोरगा नियमित जेवायला शिकवणार! "ते सफरचंद खाऊन टाका," ती म्हणाली, "डोक्यात थोडा उजेड पडला तर बघा," आणि दार आपटून निघाली. घरी येऊन झोप लागली नाही ती नाहीच.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं ठरवलं होतं की साडेआठला नीट जेवून जायचं, ते सकाळपर्यंत पुरवायचं. ताट वाढून झालं. भाताचे दोन घास गेले असतील, तर वन्संनी सुरू केलं.

"बरं झालं हुकूम आला तो. तुझ्या असल्या वेळीअवेळी खाण्यानं एक दिवस हे होणारच होतं. त्या भट्टीवाल्याचं काय झालं ते बघितलंस ना? तूच सांगत होतीस, खाण्यानं जागेवरून गेला म्हणून."

झालं. बाईनं ताट सरकवलं. वन्संना नाही नाही ते बोलली, नवऱ्याला बोलली, शिवणयंत्राला लाथ मारली आणि तशीच उठली. जिन्यात आल्यावर तिला कळलं की आपण पोट रिकामं ठेवून निघालो. परत जाऊन जेवणं म्हणजे वन्संपुढे नाक घासणं. ती गेली नाही. आता याला काय म्हणायचं! उपाशी राहायची भीती वाटणाऱ्या बाईनं रागाच्या भरात पुढ्यातलं ताट टाकलं. दुसरी कुणी असती तर वाटेत निदान पाव घेतला असता. तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते, पावाचं दुकान उघडं होतं, पण बाई फुरफुरत पुढे निघून गेली.

अडीचला ती बाकावर बसली. पाणी प्याली. बाकीच्यांनी तिच्यापासून लांब बसून डबे उघडले, कारण सगळ्यांना तिचं तोंड दिसत होतं.

साडेतीनपर्यंत ठीक चाललं. मग हाताच्या तळव्यांना घाम फुटायला लागला. मूठ कापडाला पुसली की परत ओली. चारनंतर डोकं हलकं झालं, नको तेवढं हलकं. खाली मालमोटारी भरायच्या होत्या, रांग फाटकाबाहेर गेली होती. खाली उभा राहून हातानं खुणा करणारा काही पोरगा नव्हता, चांगला पन्नाशीचा मुरलेला माणूस होता. त्यानं "थांब" ची खूण केली. तिला ती दिसली. पण हातानं दांडी पुढेच ढकलली. खूण डोळ्यांत पोचली आणि हातात पोचली नाही. कॉइल पुढे गेली, झोका खाल्ला, आणि मालमोटारीत डुलकी काढत बसलेल्या ड्रायव्हरच्या काचेपासून हातभर अंतरावरून फिरून परत आली. ड्रायव्हर जागाही झाला नाही.

खालचा माणूस दोन्ही हात वर करून ओरडत होता. क्रेनबाईनं कॉइल सरळ केली, बोटभर बोटभर करत रिकाम्या जागेवर टेकवली, हूक सोडवायची खूण केली आणि वीज तोडली. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शिडी उतरताना तिनं प्रत्येक कांबीला मिठी मारली.

क्रेनची एक वही असते. क्रेन जितका वेळ बंद राहील तितका वेळ त्यात लिहायचा, आणि पुढे कारण लिहायचं. ब्रेक, वायर, वीज, असलं काहीतरी. सकाळी ती वही उत्पादनाच्या साहेबांकडे जाते. क्रेनबाईनं बाकावर बसून वही उघडली आणि लिहिलं: "क्रेन बंद. कारण: चालक उपाशी, दवाखान्याच्या हुकमावरून."

फोरमन धावत आला. "हे काय लिहिलंत? खोडा ते! बाहेर अकरा गाड्या उभ्या आहेत!"

"उभ्या राहू देत."

"दोन घास खा आणि चढा वर, माझी शपथ आहे तुम्हाला!"

"खाल्लं तर सव्वासातला आकडा चढतो आणि तुम्ही मला खाली बसवता. न खाता चढले तर तो झोपलेला ड्रायव्हर मरतो. तुम्ही लिहून द्या मला, कुठलं करू. सही करून द्या."

फोरमननं सही केली नाही. फोरमन असल्या वेळी कधीच सही करत नाहीत. ती सात वाजेपर्यंत बाकावर बसून राहिली, वही मांडीखाली दाबून, म्हणजे ती ओळ कुणी खोडू नये. सव्वासातला दवाखान्यात गेलीच नाही.

आठला उत्पादनाच्या साहेबांनी बोलावलं. साहेब वही उघडून बसले होते. त्यांनी साखरेचं विचारलं नाही, चक्कर आली का ते विचारलं नाही.

"दोन तास वीस मिनिटं," ते म्हणाले. "अकरा गाड्या. हे परत होणार आहे का?"

"दर वर्षी होणार," क्रेनबाई म्हणाली. "माझ्या बाबतीत एकदा, भट्टीवर एकदा, दुसऱ्या क्रेनवर एकदा. आजवर लोक लपवून खात होते किंवा रजा टाकत होते, म्हणून तुम्हाला दिसत नव्हतं. रजा तुम्ही बंद केलीत."

साहेबांनी फोन उचलला. चार वाक्यं बोलले. पलीकडून डॉक्टर नियम सांगत असावा, कारण साहेब एकदम खेकसले, "अहो, तुमचा नियम माझ्या गाड्या भरणार आहे का?" आणि फोन ठेवला. बावीस वर्षं जे कुणाला समजलं नाही ते अकरा गाड्यांनी चार वाक्यांत समजावलं. ठरलं की रात्रपाळीवाल्यांची तपासणी दर गुरुवारी दुपारी चारला, झोपून उठल्यावर. क्रेनबाईनं आभार मानले नाहीत. घरी जाऊन दूध-पाव खाल्ला, आणि वन्सं दारावर थाप मारायला आल्या तेव्हा ती पहिल्यांदाच इतकी गाढ झोपली होती की थापा ऐकूच आल्या नाहीत.

गुरुवारी चारला तिनं रक्त दिलं. शनिवारी कागद मिळाला. आकडा जागच्या जागी, रजा न टाकता, चोरी न करता. केबिन तिची. संध्याकाळी कामावर निघताना तिनं तो कागद घडी करून हातातच ठेवला. कुणाला तरी दाखवायचा होता. आणि खरं सांगायचं तर एकालाच दाखवायचा होता.

फाटकावर भट्टीवाला टेबलामागे उभा होता. ती त्याच्यापुढे थांबली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलली.

"हा बघ माझा कागद. दुपारी चारला दिलं रक्त. काही नाही मला. तुलाही तेव्हा काही नव्हतं. अडीचला जेवलास, सव्वासातला रक्त दिलंस. पाच तासही झाले नव्हते. म्हणून आकडा चढला. साखर नव्हतीच तुला. आता साहेबांकडे जा आणि सांग."

त्यानं कागद हातात घेतला, दिव्याखाली धरून वाचला. टेबलाच्या पलीकडून ती नेहमी त्याच्यावरून नजर फिरवत निघून जायची. आज जवळून बघितलं तर त्याच्या गणवेशाचा पट्टा जवळजवळ दुहेरी गुंडाळलेला होता आणि गळ्याची हाडं वर आलेली.

"पण मला अजून दर वर्षी तपासतात. गेल्या वर्षी चांगला आला ना माझा आकडा," तो हळू म्हणाला. "यंदाही आला. डॉक्टर म्हणाले, पथ्यामुळे आला. असंच चालू ठेवा म्हणाले."

"कसलं पथ्य? तू आता रात्री झोपतोस आणि सकाळी उपाशीपोटी जातोस, म्हणून चांगला येतो. काय पथ्य करतोस तू?"

"सकाळी एक पाव. दुपारी काकडी आणि डाळीचं पाणी. रात्री घरी गेल्यावर काही नाही. बायको भात वाढतच नाही, भांडं उचलून ठेवते. धाकटीच्या वाढदिवसाला केक कापला तेव्हा मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो, वासानं जीव जायला लागला म्हणून." तो कागदाची घडी घालत होता, नीट, कडेला कड लावून. "तूच म्हणाली होतीस ना, चरल्यामुळे झालं. म्हटलं, खरंच असेल. ताईला सगळं कळतं खाण्यातलं."

क्रेनबाईनं कागदासाठी हात पुढे केला. त्यानं तो दिला नाही.

"त्या रात्री तू रजेवर होतीस," तो म्हणाला. "वन्सं आजारी होत्या."

आता खोटं बोलायला काहीच लागत नव्हतं. एक मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नव्हत्या आजारी," ती म्हणाली. "मला माहीत होतं रात्रपाळी करून रक्त दिलं की आकडा चढतो. म्हणून रजा घेतली. तुला सांगितलं असतं तर तू मागितली असतीस. एकच होती."

मागे रांग वाढली होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, चला की पुढे, दहा वाजले!"

भट्टीवाल्यानं कागद तिच्या हातात परत दिला.

"दोन वर्षं मी पोटभर जेवलो नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "भूक लागली की मला माझीच लाज वाटायची."

मग त्यानं तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली.